कोळंबीच्या तळ्यासाठी बॅटरीवरचा पीएच मापक बनवताना १६ बिटांचा एडीसी घ्यावा की २४ बिटांचा?

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीलगतच्या कोळंबीच्या तळ्यात पाण्याचा पीएच आणि तापमान दर दहा मिनिटांनी नोंदवणारे, एका १८६५० सेलवर (दंडगोल लिथियम बॅटरीवर) पीक निघेपर्यंत चालणारे उपकरण आपण बनवत आहात, आणि त्यात २४ बिटांचा एडीसी (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारी चिप) लागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते १६ बिटांचा एडीएस१११५ पुरेसा आहे. खर्च आणि लक्ष दोन्ही एडीसीच्या आधीच्या सर्किटवर द्यावे.

हिशेब सोपा आहे. काचेचा पीएच इलेक्ट्रोड २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ०.०१ पीएच ओळखण्यासाठी ०.५९ मिलिव्होल्टचा फरक दिसला पाहिजे. एडीएस१११५ ची ±२.०४८ व्होल्टच्या रेंजमधली एक पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची असते, आणि ती गरजेपेक्षा नऊपट बारीक आहे. २४ बिटांच्या चिपमध्ये हीच पायरी पाव मायक्रोव्होल्टच्या आत येते खरी, परंतु तिचे खालचे बरेच बिट तिच्या स्वतःच्याच नॉइजमध्ये बुडालेले असतात. म्हणून डेटाशीटच्या पहिल्या पानावरच्या आकड्यावर न जाता, आपण ज्या गेनला (सिग्नल किती पट वाढवायचा त्या सेटिंगला) आणि ज्या वेगाने सॅम्पल घेणार आहात त्याच ओळीतले नॉइज-फ्री बिट, म्हणजे नॉइज वगळून उरणारे खरे बिट, आतल्या तक्त्यात पाहावेत. स्वस्तात मिळणारा एचएक्स७११ हाही २४ बिटांचाच आहे, परंतु तो वजनकाट्यासाठी बनवलेला असल्यामुळे ५ व्होल्टवर, ३२ गेनला त्याची रेंज जेमतेम ±८० मिलिव्होल्ट असते. पीएच ७ ला इलेक्ट्रोड शून्यावर असतो; पाण्याचा पीएच ८.५ झाला की तो ८९ मिलिव्होल्टवर, म्हणजे या रेंजबाहेर जातो, आणि कोळंबीच्या तळ्यात ८.५ ही काही असाधारण गोष्ट नाही.

एसएआर प्रकारचे (सिग्नलचे क्षणात माप घेणारे) एडीसी वेगवान सिग्नलसाठी ठीक आहेत. संथ बदलणाऱ्या पीएचसाठी एडीएस१११५ सारखा डेल्टा-सिग्मा (बऱ्याच मापांची सरासरी काढणारा) योग्य, कारण एरेटरच्या मोटारींमुळे येणारी ५० हर्ट्झची गुणगुण तो संथ वेगावर स्वतःच बरीचशी गाळून टाकतो.

विजेच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे लक्ष चुकीच्या ठिकाणी असते. एडीएस१११५ सतत चालू ठेवल्यास सुमारे १५० मायक्रोअँपिअर घेतो. पण सिंगल-शॉट पद्धतीने (एक माप घेऊन पुन्हा झोपवून) दर दहा मिनिटांनी १२५ मिलिसेकंदच जागा केला, तर मापनाचा सरासरी वाटा ०.०३ मायक्रोअँपिअर इतकाच पडतो आणि त्याच्या झोपेतला अर्धा मायक्रोअँपिअरच त्याहून मोठा ठरतो. याउलट मॉड्यूलवर बसवलेला एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच काही न करता ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो, आणि २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल तीन आठवड्यांत संपवतो. त्या जागी सुमारे दीड मायक्रोअँपिअरवर राहणारा एमसीपी१७०० बसवावा आणि मॉड्यूलवरचा एलईडी काढून टाकावा.

आता कोकणात खरी परीक्षा घेणारा भाग. इलेक्ट्रोडचा अंतर्गत रोध शंभर मेगाओहमच्या घरात असतो, तर एडीएस१११५ चा इनपुट रोध काही मेगाओहमच भरतो. तेव्हा इलेक्ट्रोड थेट जोडण्याचा प्रश्नच येत नाही, मधे बफर (सिग्नलवर भार न टाकता तो पुढे देणारा अँप्लिफायर) हवाच. बफरचा बायस करंट (त्याच्या इनपुटमधून वाहणारा करंट) १० पिकोअँपिअर असला तरी १०० मेगाओहमवर १ मिलिव्होल्टची चूक येते, म्हणून मी एलएमपी७७२१ हा बफर सुचवेन. त्याचा नेहमीचा बायस करंट ३ फेम्टोअँपिअर आहे. तो १.३ मिलिअँपिअर घेतो, म्हणून दर वेळी पाच सेकंदच चालू करावा; सरासरी ११ मायक्रोअँपिअर पडते आणि इलेक्ट्रोड स्थिरावायला वेळही मिळतो. परंतु पावसाळ्यात खारी, दमट हवा बोर्डावर बसली आणि इनपुटच्या वाटेवर १० गिगाओहमची गळती निर्माण झाली, तर इतका चांगला बफर असूनही रीडिंग एका टक्क्याने बिघडते. इनपुटच्या पिनभोवती बफरच्याच आउटपुटला जोडलेली गार्ड रिंग (गळती अडवणारे तांब्याचे कडे) द्यावी, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन बोर्ड पूर्ण वाळवावा आणि त्यानंतरच कॉन्फॉर्मल कोटिंग (बोर्डावरचा पातळ संरक्षक लेप) करावे. ओल्या बोर्डावर कोटिंग केल्यास ओल आतच कोंडली जाते.

तापमानासाठी १० किलोओहमचा एनटीसी (तापल्यावर रोध घटणारा सेन्सर) पुरेल, फक्त त्याला दिलेला व्होल्टेजही दुसऱ्या चॅनेलवर मोजून गुणोत्तर घ्यावे. पीटी१०० (प्लॅटिनमचा तापमान सेन्सर) च वापरायचा असेल तर माझे उत्तर बदलते: तिथे करंट सोर्स आणि बाहेरच्या रेफरन्सची सोय असलेला २४ बिटांचा एडीएस१२२० घ्यावा.

चिप ठरवण्यापूर्वी एक चाचणी करावी. बफरचा इनपुट सर्किटच्या मध्य-व्होल्टेजला थेट जोडून शंभर रीडिंग घ्यावीत, मग पीएच ७ च्या प्रमाणित द्रावणात इलेक्ट्रोड बुडवून पुन्हा तितकीच घ्यावीत. पहिल्या वेळी आकडे स्थिर राहिले आणि दुसऱ्या वेळी सरकत गेले, तर गळती, केबल किंवा इलेक्ट्रोड तपासावा. एडीसी बदलण्याचे कारण नाही. ही रीडिंग घेताना सेल चार्जरला जोडलेला नसावा.