परड्यातल्या प्रत्येक कोंबडीचा स्वभाव खरोखर वेगळा असतो का?

आपण विचारले आहे की, कोल्हापुरात घरामागच्या परड्यात पाच-सहा गावरान कोंबड्या पाळल्या तर रोजचा दिवस कसा जातो, आणि ‘प्रत्येकीचा स्वभाव निराळा’ हे पाळणाऱ्यांचे नुसते कौतुक आहे की त्यात काही तथ्य आहे. मी कळंब्याच्या बाजूला राहतो आणि सहा वर्षांपासून माझ्याकडे सात कोंबड्या व एक कोंबडा एवढाच संसार आहे. माझे उत्तर असे की स्वभाव असतो आणि तो ओळखता आलाच पाहिजे, कारण कोंबडी आजार अंगावर काढते, लपवते, आणि आजारी कोंबडीचे पहिले लक्षण बहुतेक वेळा ‘आज ही हिच्यासारखी वागत नाही’ एवढेच असते.

सकाळी सहाच्या सुमारास खुराड्याचे दार उघडले की बाहेर पडण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी तांबूस रंगाची कारभारीण, मग काळी भिंगरी, मग मधल्या तिघी-चौघी, आणि सर्वांत शेवटी बोडक्या मानेची चिपाडी. ज्वारी टाकली की चिपाडीने पहिला दाणा उचलायचा नाही. उचललाच तर कारभारीण तिच्या डोक्यावर एकच टोच मारते आणि विषय संपतो. रात्री दांडीवर बसण्याच्या जागासुद्धा याच मानाने ठरतात. थोर्लेफ श्येल्डरूप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने कोंबड्यांमधील ही टोचण्याची उतरंड 1922 साली शास्त्रीय लेखात मांडली. आपल्याकडच्या आज्या ती त्याच्या कितीतरी आधीपासून जाणत असणार.

गेल्या वर्षी एका सकाळी कारभारीण चौथ्या क्रमांकाने बाहेर आली. दिसायला सगळे ठीक होते, तुरा लाल होता, पण चौथा क्रमांक तिला शोभणारा नव्हता, म्हणून तिला उचलून गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपली. ही पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. तिची मात्र भिजवलेल्या चिंचेच्या गोळ्यासारखी घट्ट लागत होती. पशुवैद्यांनी आतून लांब गवत आणि त्यात गुंतलेली वीतभर सुतळी काढली. तेव्हापासून पेंढीची सुतळी परड्यात पडू द्यायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे. त्या चार दिवसांत तिला वेगळे ठेवले होते, आणि परत सोडली तेव्हा भिंगरीने तिची जागा बळकावलेली होती. ती परत मिळवायला कारभारणीला तासभरसुद्धा लागला नाही.

भिंगरीचा उद्योग म्हणजे हिंडणे. परसात लावलेल्या लवंगी मिरचीची तिने तीन रोपे फस्त केली, पिकलेल्या मिरच्यांसकट. मिरचीचा झोंबणारा घटक पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे आपल्या नाकातोंडातून पाणी काढणारी मिरची तिला पेरूसारखी वाटत असावी. म्हणून उरलेला तांबडा रस्सा त्यांना घालावा असे मात्र समजू नये. तिखटाचे काही नसले तरी त्यातले मीठ त्यांना बाधते.

कोंबड्याला मुलांनी ‘वस्ताद’ नाव ठेवले आहे. त्याला किडा सापडला की तो स्वतः खात नाही, चोचीने उचलतो, टाकतो, ‘कुट-कुट’ करून कोंबड्यांना बोलावतो, आणि मावशी नावाची कोंबडी आली तर तिला हमखास देतो. घार दिसली की त्याची एक लांब किंचाळी निघते आणि सगळ्या जागच्या जागी दबून बसतात किंवा कुंपणाखाली शिरतात. मांजर दिसले तर आवाज वेगळा, तुटक कलकलाटाचा, आणि माना उंच. हे दोन इशारे आता मलाही स्वयंपाकघरातून ओळखू येतात. मात्र अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, आणि आपले शेजारी भिंतीला भिंत लागून राहत असतील तर तो ठेवू नये. तो पहाटे चारलाच आरवायला लागतो, आणि झाकून ठेवला तरी त्याचे घड्याळ चुकत नाही.

मावशी ही आमची हक्काची रवणीची, म्हणजे अंड्यांवर बसून पिल्ली काढणारी, कोंबडी. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते, पिसे फुलवते, हात लावला की गुरगुरते, आणि दिवसातून एकदाच दाणापाण्यासाठी उठते. पिल्ली हवी असतील तर अशी कोंबडी सोन्यासारखी. एकविसाव्या दिवशी ती आपले काम पुरे करते. पिल्ली नको असतील तर तिला पाण्यात बुडवण्याचा जुना उपाय करू नका. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवली की तिची खुडूक मोडते.

माझी मोठी चूक नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणण्यात झाली. बाजारातून आणलेल्या दोन तलंगा मी त्याच दिवशी कळपात सोडल्या, आणि संध्याकाळपर्यंत एकीच्या डोक्यावरची कातडी सोललेली होती. रक्त दिसले की मग गरीब स्वभावाच्या कोंबड्याही टोचायला धावतात. आता नव्यांना आधी दोन-तीन आठवडे लांब ठेवतो, म्हणजे रोग असला तर कळतो, आणि पुढचा आठवडा जाळीच्या पलीकडे, एकमेकींना दिसतील असे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस चुकवू नये. तिची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि कालवली की थोड्या वेळात वापरावी लागते, त्यामुळे गल्लीतल्या पाळणाऱ्यांनी मिळून एकाच दिवशी देणे सोयीचे.

कोल्हापूरचा जुलै हा या छंदातला खरा जाच. खाली पसरलेला भाताचा तूस ओला राहिला की वास सुटतो, रक्ती हगवण लागते. म्हणून खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच आणि छपराची पुढची बाजू लांब हवी. जाळीला तीन बोटांची फट राहिली होती, तिथून मुंगूस शिरून एक कोंबडी गेली, आणि ती फट मी आठवडाभर बघत होतो.

संध्याकाळी त्यांना हाकावे लागत नाही. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, म्हणून दिवस कलला की त्या आपणहून आत जातात. आपण फक्त मोजून कडी लावायची. चिपाडी तेवढी मोजदादीत कधीच सापडत नाही, कारण दांडीवरच्या शेवटच्या जागेपेक्षा तिला शेवग्याची फांदी बरी वाटते. तिच्यासाठी मी रोज बॅटरी घेऊन स्टुलावर चढतो, तिला काखेत धरून खाली आणतो, आणि ती वाटभर हळू आवाजात तक्रार करत येते.