धर्मयोद्ध्यांच्या शपथा कशा लिहाव्यात, आणि खेळाडूने मोडल्या तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळासाठी, जिथे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट पुढे नेतो, स्वतःचं काल्पनिक जग रचताय, त्यातल्या पॅलाडिनांसाठी (शपथेने बांधलेल्या धर्मयोद्ध्यांसाठी) नव्या शपथा लिहायच्या आहेत, पण लिहायला बसलं की प्रत्येक शपथ "चांगलं वागेन" इथेच येऊन थांबते. शिवाय खेळाडूने शपथ मोडली तर डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) नेमकं काय करायचं, हेही ठरत नाही. मी बरीच वर्षं डीएमच्या खुर्चीत बसतोय आणि पॅलाडिन हा माझा सर्वांत आवडता क्लास (पात्राचा प्रकार) आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

"मी दयाळू राहीन, शूर राहीन" ही शपथ नाही, ते स्वभाववर्णन आहे. शपथेची ओळ अशी हवी की ती पाळताना एखाद्या दिवशी काहीतरी गमवावं लागेल, आणि काय गमावलं ते टेबलावरच्या प्रत्येकाला दिसेल. जी ओळ पाळायला कधीच काही किंमत पडत नाही ती मी खोडून टाकतो.

या बाबतीत जुने नियम आपण समजतो त्यापेक्षा शहाणे होते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पॅलाडिन आला 1975 साली, ग्रेहॉक या पुरवणीत. 1978 च्या प्लेयर्स हँडबुकात त्याच्यावर कडक बंधनं होती. जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं, परतीची वाट नाही, उरलं आयुष्य साधा फायटर (लढवय्या) म्हणून काढायचं. त्या भागावर लोक आजही भांडतात. पण त्याच पानांवर दोन साधे नियम होते ज्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही: मिळकतीचा दहावा हिस्सा दान करायचा, आणि जादूच्या वस्तू दहाच्या वर बाळगायच्या नाहीत. माझ्या मते त्या सगळ्या आचारसंहितेतली ही खरी शपथ. गुहेत अकरावी वस्तू सापडली की खेळाडूला हातातलं काहीतरी सोडावं लागतं. त्यावर वाद घालता येत नाही, सबब सांगता येत नाही, आणि सोडताना जीव थोडा तुटतो.

2008 च्या चौथ्या आवृत्तीत पॅलाडिनने लॉफुल गुड (नियम पाळणारा आणि सज्जन) असण्याची सक्ती गेली, आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीत वेगवेगळ्या शपथा आल्या. तिसऱ्या लेव्हलला (पात्राच्या तिसऱ्या पायरीवर) खेळाडू त्यातली एक निवडतो: डिव्होशन (निष्ठा), एन्शन्ट्स (प्राचीन), व्हेंजन्स (सूड). 2017 मध्ये कॉन्क्वेस्ट (विजय) आणि रिडेम्प्शन (उद्धार) त्यांना मिळाल्या. हा बदल मला मनापासून आवडतो, कारण "पॅलाडिन चांगला आहे का" हा प्रश्न मागे पडून "याने कशाला बांधून घेतलंय" हा प्रश्न पुढे आला.

आता तुम्ही मराठीत लिहिणार असाल तर तुमच्या हाताशी एक मोठी सोय आहे. आपल्याकडे यासाठी एकच शब्द नाही. शपथ, प्रतिज्ञा, व्रत, वचन, नवस, आण: यातला प्रत्येक शब्द वेगळ्या प्रकारे बांधतो. वचन माणसाला दिलेलं असतं, आणि तो माणूस त्यातून मोकळं करू शकतो. व्रताला नियम असतात, मुदत असते आणि शेवटी उद्यापन असतं. प्रतिज्ञा एका कामाची असते. काम झालं की ती संपते. नवस अटीवर असतो, आधी तू दे मग मी फेडीन. तो पॅलाडिनपेक्षा वॉरलॉकला (शक्तीसाठी सौदा करणाऱ्या जादूगाराला) शोभतो. शपथेला मात्र साक्षी लागतो. कुणाची तरी शपथ घ्यावी लागते.

हा फरक ध्यानात घेतला की शपथांची रचना आपोआप बदलते. उदाहरणार्थ व्हेंजन्स. ती मुळात प्रतिज्ञा आहे. ज्याचा सूड घ्यायचा तो मेला की पुढे काय? बहुतेक कॅम्पेनमध्ये (अनेक बैठका चालणाऱ्या कथेत) हा प्रश्न कुणी विचारत नाही, डीएम गुपचूप नवा शत्रू आणून ठेवतो. मी म्हणतो, विचारा. काम संपल्यावर ताकद ओसरू लागलेला, आता मी कोण असं स्वतःला विचारणारा पॅलाडिन अतिशय सुंदर खेळता येतो. किंवा एखादा पंथ व्रताचा ठेवा: बारा महिने मौन, बारा महिने निःशस्त्र प्रवास, मग उद्यापन, मग पुढचं व्रत. खेळाडूला दर काही सेशननंतर (बैठकींनंतर) नवं बंधन मिळतं, आणि जुनं सुटताना समारंभही होतो.

प्रतिज्ञेची बांधणी कशी असावी हे शिकायचं तर महाभारत उघडा. भीष्माचं नाव सगळे घेतात, पण खेळासाठी मला अर्जुन जास्त उपयोगी वाटतो. अभिमन्यू मारला गेल्यावर तो म्हणतो, उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. एका वाक्यात काम आहे, मुदत आहे आणि चुकल्यास काय तेही आहे. शत्रूच्या छावणीत बातमी पोचते आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं युद्ध त्या एका वाक्याभोवती फिरतं. तुमच्या शपथेची ओळ शत्रूच्या कानावर गेली तर तो तिचा फायदा उठवू शकेल का, हे तपासून बघा. उठवू शकत असेल तर ओळ जिवंत आहे.

दुसरा प्रसंग आदिपर्वातला. द्रौपदीबरोबर एक भाऊ एकांतात असताना दुसऱ्याने आत जायचं नाही, गेला तर बारा वर्षं वनवास, असं पांडवांनी ठरवलेलं. एका ब्राह्मणाच्या गाई चोर नेतात, आणि अर्जुनाची शस्त्रं नेमकी त्या दालनात असतात जिथे युधिष्ठिर आणि द्रौपदी आहेत. तो आत जातो, शस्त्रं घेतो, गाई सोडवून आणतो, आणि परत येऊन वनवासाला निघतो. युधिष्ठिर म्हणतो, यात काही दोष नाही, जाऊ नकोस. अर्जुन ऐकत नाही. धर्माच्या बाबतीत सबबी काढू नयेत हे तुझ्याकडूनच ऐकलंय, असं म्हणतो. दोन कर्तव्यं समोरासमोर आली, त्याने एक निवडलं आणि दुसऱ्याची किंमत कुणी न सांगता मोजली. माझ्या लेखी पॅलाडिन म्हणजे हाच.

म्हणून शपथेत निदान दोन ओळी अशा हव्यात की त्या एक ना एक दिवस एकमेकींवर आदळतील. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर एक उपाय आहे: चॅम्पियनची (तिथल्या पॅलाडिनसारख्या क्लासची) तत्त्वं महत्त्वाच्या क्रमाने लावलेली असतात, दोन भिडली तर वरचं खरं. टेबलावर फार वादावादी होत असेल तर हा क्रम जरूर वापरा. मी स्वतः मात्र वरच्या दोन ओळी मुद्दाम समान ठेवतो. त्यांच्यातला निवाडा खेळाडूने करायचा, पुस्तकाने नाही.

शब्दांबद्दल एक कळकळीची सूचना. "करणार नाही" आणि "होऊ देणार नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मी निःशस्त्राला मारणार नाही" ही ओळ पॅलाडिनला बांधते. "मी निःशस्त्राला मरू देणार नाही" ही ओळ अख्ख्या पार्टीला (सोबत्यांच्या टोळीला) बांधते, आणि मग रोगने (टोळीतल्या चोर-पात्राने) प्रत्येक वेळी पॅलाडिनची परवानगी मागायची अशी पाळी येते. पॅलाडिनमुळे टेबलावर भांडणं होतात अशी तक्रार जिथे जिथे मी ऐकली, तिथे मुळाशी बहुधा "होऊ देणार नाही" हेच तीन शब्द सापडले. शपथ घेणाऱ्याच्या डोक्यावर असावी, सोबत्यांच्या नाही.

माझ्या जगातली एक शपथ देतो. तिला आम्ही उंबरठ्याची शपथ म्हणतो:

"माझी ढाल जिथे, तिथे उंबरठा. आत आलेल्याला आधी दार लावीन, मग नाव विचारीन.
आश्रयाला आलेल्याला मी कुणाच्या हाती देणार नाही, माझ्या राजाच्याही नाही.
दुबळ्याचं गाऱ्हाणं ऐकल्यावाचून मी पुढे जाणार नाही.
उंबरठा सोडून सुडासाठी मी कुणाचा पाठलाग करणार नाही."

दुसरी लहान आहे, साक्षीची शपथ. तिची मुख्य ओळ अशी: "ज्याला मी मारीन, त्याचं नाव मला ठाऊक असेल." एवढ्या एका ओळीने लढाया बदलतात. खेळाडू तलवार उपसण्याआधी बोलायला लागतो. आणि डीएमलाही प्रत्येक दरोडेखोराला, प्रत्येक गॉब्लिनला नाव द्यावं लागतं. एका कॅम्पेनच्या शेवटी माझ्या खेळाडूच्या वहीत एकेचाळीस नावं होती. शेवटच्या सेशनला त्याने ती सगळी वाचून दाखवली, आणि वाचन संपेपर्यंत कुणी फासे हातात घेतले नाहीत.

साक्षी कोण, हेही आधीच ठरवा. 2014 च्या नियमांत पॅलाडिनची ताकद देवाइतकीच न्यायावरच्या निष्ठेतूनही येते, त्यामुळे साक्षी देवच असला पाहिजे असं नाही. मेलेली बहीण, एखादी नदी, पार्टीतलाच एखादा सोबती चालेल. फक्त तो साक्षी पुढे कथेत परत आला पाहिजे.

आता मोडण्याबद्दल. इथे मी एकदा मोठी चूक केली आहे आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. सुरुवातीच्या काळात एका पॅलाडिनने सोबत्याला कैद्याचा गळा चिरताना अडवलं नाही. मी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, त्याच्या सगळ्या शक्ती काढून घेतल्या. तो मुलगा पुढचे दोन सेशन गप्प बसून होता, नंतर यायचाच बंद झाला. त्याच्या पात्राला जे पक्कं माहीत असायला हवं होतं ते मी खेळाडूला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी विचारतो: "हे केलंस तर शपथेला धक्का लागेल असं तुझ्या पात्राला वाटतंय. तरी करतोस?" निम्म्या वेळा खेळाडू थांबतो. उरलेल्या निम्म्या वेळा तो "हो" म्हणतो, आणि तो "हो" ऐकायला सगळं टेबल पुढे झुकतं.

शपथ मोडणं वेगळं आणि सोडणं वेगळं. पाचव्या आवृत्तीने हा फरक नीट ओळखलाय. ज्याच्या हातून मोडली त्याच्यासाठी रात्रभर जागून प्रार्थना, उपवास, आपल्या पंथाच्या माणसापुढे कबुली, आणि मग नवी सुरुवात. जो मोडूनही पश्चात्ताप करत नाही त्याच्यासाठी क्लास सोडणं, किंवा 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमधला ओथब्रेकर (शपथ मोडून काळ्या वाटेला लागलेला पॅलाडिन). ओथब्रेकर शिक्षा म्हणून कधीच देऊ नका. ती खेळाडूने मागून घ्यायची वाट आहे.

उंबरठ्याची शपथ घेतलेल्या एका खेळाडूचं सांगतो. पार्टी एका पडक्या देवळात मुक्कामाला होती. रात्री एक जखमी माणूस या खेळाडूच्या पात्राच्या ढालीमागे आला. तिने दार लावलं, मग नाव विचारलं. तासाभराने गावकरी मशाली घेऊन आले: त्याने गिरणी पेटवली होती, आत तिघं होती. एका मेलेल्या बाईची मुलगी समोर उभी राहून गाऱ्हाणं सांगत होती. म्हणजे दुसरी ओळ आणि तिसरी ओळ, दोन्ही एकाच वेळी. खेळाडू खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मी याला चार दिवसांच्या वाटेवरच्या न्यायसभेत नेईन आणि वाटभर ढाल याच्यावर धरीन. गावाने पार्टीला वाळीत टाकलं, त्यांचा एकुलता एक वैद्य तुटला. आणि चार दिवसांनी न्यायसभेने त्याला फाशी सांगितली.

मी विचारलं, देतेस? ती म्हणाली, देते. मी पुढे काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं की माझ्या पात्राने ढाल सभेच्या पायरीवर ठेवली आणि ती तशीच निघाली. कोणती शक्ती गेली हेही मी तिलाच विचारलं. हातातलं बरं करण्याचं बळ राहील, रक्षणाचं गेलं, असं तिने ठरवलं. पुढचे पाच सेशन ती ढालीशिवाय लढली. मग स्वतःहून त्या गावी परत गेली आणि गिरणी पुन्हा उभी राहीपर्यंत रात्रीचा पहारा दिला. पहाऱ्याच्या शेवटच्या रात्री ती मुलगी पायरीवरची ढाल घेऊन आली, आणि तिच्या साक्षीने शपथ पुन्हा घेतली गेली. दुसरी ओळ तेवढी खेळाडूने बदलली होती: "आश्रयाला आलेल्याला मी कुणाच्या हाती देणार नाही, द्यावंच लागलं तर शेवटपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहीन."