पिस्तूल चोरीला गेलंय? रिपोर्टमधला सीरियल नंबर स्वतः वाचा

व्हर्जिनियात गाडी फोडून तुमचं पिस्तूल नेलं आणि मित्र म्हणतोय, 'कळवू नकोस, तूच लटकशील.' मित्राचं ऐकू नका. याच राज्यात मी यातून गेलोय. (मी वकील नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.)

इथे २०२० पासून, चोरी लक्षात आल्यावर ४८ तासांत पोलिसांना कळवावंच लागतं, नाहीतर २५० डॉलरपर्यंत दंड. न्यूयॉर्कला २४ तास, न्यू जर्सीत ३६, कॅलिफोर्नियात ५ दिवस. साध्या मालकासाठी देशपातळीवर असा कायदाच नाही. देशपातळीवरचं ४८ तासांचं बंधन आहे ते परवानाधारक विक्रेत्यांना. एटीएफला, म्हणजे बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेला, फोन करत बसू नका, ते तुम्हाला पोलिसांकडेच पाठवतील.

दंडाचं सोडा, खरा घोळ सीरियल नंबरचा. मी नंबर कागदावर लिहून दिला होता, तरी काउंटरवरच्या माणसाने 'बी'च्या जागी ८ टाइप केला. प्रत मागितली तर म्हणे मेल येईल. आला तो नुसता केस नंबर. एनसीआयसी, म्हणजे एफबीआयची देशभरची यादी, सीरियल नंबरवर चालते. त्यात भलतंच पिस्तूल चोरीचं ठरलं आणि माझं स्वच्छ राहिलं! पुढे ते दुसऱ्या राज्यात झडतीत सापडलं. चोरीचं दिसेना म्हणून एटीएफच्या मार्टिन्सबर्गमधल्या, बंदुकीचा माग काढणाऱ्या ट्रेसिंग सेंटरमार्फत शोध सुरू झाला: कारखाना, विक्रेता, आणि बंदूक घेताना दुकानात भरतात त्या ४४७३ फॉर्मवरचं पहिलं गिऱ्हाईक. म्हणजे मी. दारात दोन डिटेक्टिव्ह, पहिलाच प्रश्न, 'हे कुणाला विकलंत?' रिपोर्ट काढून पाहिला तर नंबर जुळेना. दुरुस्तीला गेलो तर त्या ऑफिसात उत्तर मिळालं, 'ती नोंद करणारा आता इथे नाही, नवीन तक्रार द्या.' नवीन तक्रार म्हणजे नवीन तारीख, आणि ४८ तास तर कधीच उलटलेले! खूप डोकं आपटल्यावर एका सुपरवायझरने मूळ नोंदीला पुरवणी जोडली. चूक त्यांची, सफाई देत फिरायचं आम्ही.

तेव्हा काउंटर सोडण्याआधी त्यांनी टाइप केलेला नंबर एकेक अक्षर वाचून घ्या. ओ आणि शून्य, आय आणि एक, बी आणि आठ. 'एनसीआयसीत टाकलं का?' हे स्पष्ट विचारा. ऑनलाइन तक्रारीच्या नादी लागू नका, बऱ्याच ठिकाणी तिथे हत्यारांची चोरी घेतच नाहीत. नंबर माहीत नसेल तर विकत घेतलं त्या दुकानात जा, ४४७३ त्यांच्याकडे असतो.

पार्क केलेल्या गाडीत पिस्तूल सोडण्याबद्दल माझी मतं तिखट आहेत, पण आज नको. विम्याचा दावा करणार असाल तर पॉलिसी नीट वाचा, बंदुकांच्या चोरीला बऱ्याचदा वेगळी, तुटपुंजी मर्यादा असते. आणि पिस्तूल परत मिळालं तर तेही पोलिसांना सांगून नोंद काढून घ्या, नाहीतर उद्या 'चोरीच्या' पिस्तुलासकट तुम्हीच पकडले जायचे.