चाळीस लाख आणि पाच कामं, नंबर कसा लावायचा?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे, फाउंड्रीचं कास्टिंग येतं, मशिनिंग करून देतो. यंदा ४० लाख घालता येतील. नवीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशिन) ३२ लाख, वर्षाला ९ लाख सुटतील. ५० किलोवॅट सोलर २४ लाख, साडेपाच लाख वाचतील. हवेचा नवा कॉम्प्रेसर ६ लाख, अडीच लाख वाचतील. शिवाय ईआरपी (स्टॉक, ऑर्डर, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) ५ लाख आणि तापणारं जुनं इलेक्ट्रिक पॅनल बदलायला ३ लाख. धाकटा भाऊ म्हणतो ज्याचे पैसे लवकर वसूल ते आधी, म्हणजे सोलर व्हीएमसीच्या मागे. बरोबर आहे का?

उत्तर : पॅनल आधी यादीतून काढा, तापणाऱ्या पॅनलला नंबर लावत बसायचं नसतं, ते बदलायचंच. उरले ३७.

भाऊंचा हिशोब चुकीचा नाही, अर्धा आहे. वसुली कॉम्प्रेसरची अडीच वर्षांच्या आत, व्हीएमसीची साडेतीन, सोलरची साडेचारच्या आसपास, पण वसूल झाल्यावर पुढे किती वर्षं पैसे येतात ते यात दिसतच नाही. व्हीएमसी आणि कॉम्प्रेसर १० वर्षं धरा, सोलर २०, पुढच्या पैशाला दर वर्षामागे १२ टक्के कट लावून आजची किंमत काढा आणि खर्च वजा करा. व्हीएमसीचे उरतात साधारण १९ लाख, सोलरचे १७, कॉम्प्रेसरचे ८. पैसा मोजका असला की रुपयामागे किती हे बघायचं : कॉम्प्रेसर १ रुपया ३५ पैसे, सोलर ७१ पैसे, व्हीएमसी ५९. म्हणजे सोलर पुढे गेलं!

आता गंमत बघा, कॉम्प्रेसर आणि सोलर मिळून ३० लाखांत २५ लाख मिळतात आणि कॉम्प्रेसर आणि व्हीएमसी ३८ लाखांत २७, एक लाख कमी पडतोय तो कुठूनही उभा राहील, मग व्हीएमसीच घ्यावी असं वाटणार. पण ते ९ लाख आले कुठून? हातात पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, आहे की पार्टीचा परचेसवाला चहा पिताना "काम वाढणार आहे" म्हणाला? नऊचे सहा झाले तर १९ लाखांचे जेमतेम २ उरतात, शिवाय दुसऱ्या शिफ्टला ऑपरेटर मिळायला हवा. सोलरमध्येही नेट मीटरिंगचे (जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वळती करण्याचे) नियम बदलू शकतात, पण ऊन शेड्यूल कॅन्सल करत नाही. लेखी ऑर्डर नसेल तर मी सोलर घेईन, फक्त शेडचे पत्रे सिमेंटचे असतील तर स्ट्रक्चरचा खर्च धरून आकडा परत मांडा.

ईआरपीला तुम्ही फायद्याचा आकडाच दिला नाही, त्यामुळे तो शेवटी. आधी स्टॉक एक्सेलमध्ये तरी जुळतो का बघा.

आणि कॉम्प्रेसर पहिला आला म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका हां. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालवा, लाइन उघडीच ठेवा, लोडवर (हवा भरत) किती वेळ राहतो आणि अनलोडवर (नुसता फिरत) किती ते मोबाइलवर मोजा. ३ मिनिटं लोड, ७ मिनिटं अनलोड आलं तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के हवा नुसती गळतीत जातेय, आणि जुन्या लाइनला हे नवल नाही. होजचे क्लॅम्प, एअर गन, कपलिंग दुरुस्त करायला काही हजार लागतात, पण तेवढ्यावर अडीच लाखांतले दीड लाख वाचले तर नव्या कॉम्प्रेसरचा फायदा वर्षाला एकच लाख उरेल आणि ६ लाख वसूल व्हायला ६ वर्षं लागतील, मग तो यादीत सोलरच्या खाली जाईल.