वडिलांची साखर 230 आहे, दाढ काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वडील 64 वर्षांचे आहेत, दोन वेळचं इन्सुलिन चालू आहे, साखर 230 आहे आणि दाढेखाली पू झालाय. साखर उतरेपर्यंत थांबायचं का, आणि दाढ काढायला उपाशीपोटी न्यायचं का?

उपाशी मुळीच नेऊ नका. रक्त तपासायला उपाशी जायची सवय असते, म्हणून ही चूक होते. इन्सुलिन टोचलेलं, पोट रिकामं, त्यात दोन तास थांबावं लागलं, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. सकाळची वेळ घ्या. नाश्ता आणि औषध रोजच्यासारखंच. बधीर करण्याआधी बोट टोचून साखर बघायला सांगा. 70 च्या खाली असेल तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची.

खरी गडबड घरी आल्यावर होते. जबडा दोन-तीन तास बधीर असतो, नंतर दुखतं, जेवण टळतं. सकाळचं इन्सुलिन मात्र आपलं काम करतच असतं. म्हणून कोमट पेज, मऊ वरणभात आधीच करून ठेवा. दुपारी नीट खाल्लं गेलं नाही, तर संध्याकाळचा डोस किती द्यायचा हे डॉक्टरांना फोन करून विचारा.

आता थांबण्याबद्दल. दुखत नसलेली दाढ किंवा इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दात) असतं, तर मीही आधी साखर आटोक्यात आणा म्हटलं असतं. पण पू असताना संसर्गच साखर चढवतो, नुसतं थांबून ती उतरत नाही. दंतवैद्य आणि मधुमेहाचे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या, पू काढायला उशीर नको.

रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या गोळ्या टाळा, पॅरासिटामॉल बरी.

दाढ काढल्यावर गॉजचा बोळा 45 मिनिटं दाबून धरायचा. 24 तास चूळ नाही, आणि जखम भरेपर्यंत तंबाखू-मिश्री अजिबात नाही. त्याने जखमेतली रक्ताची गुठळी निसटते, मग तिसऱ्या दिवशी ठणका वाढतो आणि दंतवैद्याकडे पुन्हा जावं लागतं. सूज मानेकडे उतरली, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.