रडू येत नाही म्हणून नाटक सोडू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यातली खरी गोष्ट अगदी शेवटच्या पानावर होती. अभिनयाच्या वर्गात सगळे ढसाढसा रडले, तुला काही केल्या रडू आलं नाही, आणि त्यावरून तू ठरवून टाकलंस की नाटक हा आपला विषय नव्हे. त्यात या सत्रात भूमिकाही नाही, प्रॉपर्टी, म्हणजे प्रयोगात लागणाऱ्या वस्तू, सांभाळायला दिली आहे.

मला विचारशील तर वर्गात रडू येणं ही काही मोठी कामगिरी नाही. नट धाय मोकलून रडतोय आणि समोरचे लोक घड्याळ बघताहेत, असे प्रयोग तूही पाहिले असशील. भावनेच्या मागे लागलं की ती पळते. ‘आता मला दुःख व्हायला हवं’ असं मनात घोकत उभ्या राहिलेल्या नटाला करायला काहीच उरत नाही, मग तो कपाळाला आठ्या घालतो आणि आवाज कापरा करतो. त्यापेक्षा समोरच्या पात्राकडून तुला काय हवंय ते ठरव. त्याला थांबवायचंय? त्याच्या तोंडून कबुली काढायचीय? की त्याने एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच? हे ठरलं की हातांना आणि डोळ्यांना काम मिळतं.

घरी एक करून बघ. रिकामा कप घे आणि त्यात गरम पाणी आहे असं धरून पी. नवे नट कप उचलून थेट तोंडाला लावतात. बोलता बोलता तो तिरका होतो. खरंच पाणी असतं तर मांडीवर सांडलं असतं. आता कप गरम पाण्याने काठोकाठ भर आणि तेच कर. मनगट कसं जपून वळतं, चटका बसू नये म्हणून बोटं कुठे सरकतात, कप वर यायच्या आधी मान कशी पुढे येते, फुंकर घालताना वाक्य नेमकं कुठे तुटतं, हे सगळं टिपून घे. मग पाणी ओतून टाक आणि रिकाम्या कपात तेवढंच वजन परत आण. चिकाटीचं काम आहे, कंटाळशील. ते जमलं की पुढचा प्रश्न: असा भरलेला कप हातात असताना वाईट बातमी कळली, तर तो कुठे ठेवशील? न सांडता ठेवायला जो वेळ लागेल, तेवढ्यात प्रेक्षकाला सगळं कळतं. रडायची गरजच पडत नाही.

‘आतून आलं पाहिजे’ हे तुम्हाला स्तानिस्लाव्हस्कीचं नाव घेऊन सांगत असतील. हा रशियन नट आणि दिग्दर्शक, १८९८ मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्या दोघांपैकी एक. नटाच्या कामावरचं त्याचं लिखाण एका काल्पनिक विद्यार्थ्याच्या वहीच्या रूपात आहे. इंग्रजीत त्याचा पहिला भाग, मनाच्या तयारीचा, १९३६ साली आला. शरीर, आवाज आणि लय यांवरचा दुसरा भाग यायला १९४९ उजाडलं. मधल्या काळात अर्ध्यालाच पूर्ण समजणारे बरेच निघाले, आणि त्यांचे वारस अजून वर्ग घेताहेत! तो स्वतः १९३८ मध्ये वारला. अखेरच्या वर्षांत तालमीत त्याचा भर होता तो शारीरिक कृतींवर. तुमच्या सरांशी यावरून वाद घालू नकोस, पण दुसरा भागही वाच.

आवाजाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ यातला शेवटचा शब्द श्वास संपला म्हणून गिळलास, तर मागच्या रांगांपुरता नाटकाचा अर्थच उलटा होतो. श्वास कुठे घ्यायचा ते संहितेवर पेन्सिलने खुणा करून ठरव. घसा बसला तर कुजबुजत बोलू नकोस, त्याने ताण वाढतो. सरळ मौन धर.

रंगभूमीच्या इतिहासाच्या पेपरला नाक मुरडतेस, पण भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथाचा दुसरा अध्याय काढून बघ. मध्यम आकाराचं प्रेक्षागृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावं, त्याहून मोठं बांधू नये, असं त्यात सांगितलंय. कारणही दिलंय: फार मोठ्या मंडपात बोललेलं अस्पष्ट होतं आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. हे लिहिणारा माणूस मागच्या रांगेत बसून वैतागलेला असणार, अशी माझी पक्की समजूत आहे.

प्रॉपर्टीचं म्हणशील तर मला हेवा वाटला. विंगेतल्या टेबलावर कागद चिकटवून चौकोन आख, प्रत्येक चौकोनात वस्तूचं नाव लिही. चौकोन रिकामा दिसला की पडदा उघडायच्या आधीच कळेल काय हरवलंय. कोणती वस्तू कुठल्या विंगेतून आत जाते आणि कुठून बाहेर येते, याची प्रवेशवार यादी कर. रंगमंचावर फाडायचं पत्र असेल तर ते दर प्रयोगाला नवं लागतं, आणि त्यावर खरा मजकूर लिहिलेला असू दे. कोरा कागद वाचणाऱ्या नटाचे डोळे ओळींवरून सरकत नाहीत, हे विंगेतून तुला लख्ख दिसेल. एकच प्रवेश रोज बघायला मिळणार आहे. काल हशा आला आणि आज का नाही, हे भूमिका करणाऱ्याला क्वचितच कळतं.

पदवीने नोकरी मिळेल का, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. हमी कोणीच देणार नाही. कामं मिळतात ती बरोबरीने तालमी केलेल्या माणसांकडून, तेव्हा वेळ पाळणारी म्हणून नाव कमव. प्रकाशयोजना किंवा ध्वनी यांपैकी एक तरी काम हातात बसव. घरी सांगायला तेवढं पुरेल.

पुढच्या सत्रात प्रॉम्प्टबुक, म्हणजे हालचाली आणि सूचना टिपलेली संहितेची प्रत, सांभाळायला कोणी तयार नसेल तर तू हात वर कर. आणि सुट्टीत येशील तेव्हा ती प्रॉपर्टीची यादी घेऊन ये, मला बघायची आहे.