पेटीवर घडलेल्या हातांसाठी पियानोचे पहिले धडे

कोल्हापूर, आषाढ

चि. बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. भजनी मंडळात चार वर्षे पेटीची साथ केल्यावर आता पियानो शिकावा असे तुला वाटते आहे. त्यासाठी कोणते वाद्य घ्यावे आणि एकोणिसाव्या वर्षी सुरुवात करणे उशिराचे तर नाही ना, असे तू विचारले आहेस. उशीर झालेला नाही. ज्याच्या कानात सा पक्का बसला आहे आणि ज्याला ठेक्याची सम मोजल्याशिवाय कळते, त्याच्या हाती बरीच शिदोरी असते. मात्र काही ठिकाणी तुझी पेटीच तुला अडवील, आणि ती ठिकाणे आधी समजून घेतलीस तर पुढचे एखादे वर्ष वाचेल, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

पियानोच्या पट्ट्या पेटीसारख्याच मांडलेल्या असतात. पांढरी एक, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, तीच, काळी चार तीच, फक्त त्या 88 असतात, 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या. त्यामुळे पेटी येणाऱ्याला हे वाद्य ओळखीचे वाटते आणि तिथेच घोटाळा होतो. पेटीत भात्याची हवा पितळी रीडमधून जाते आणि हवा असेपर्यंत सूर चालू राहतो. पियानोत पट्टी दाबली की तिचे आतले टोक वर उचलले जाते, तरफांची एक साखळी हलते आणि लोकरी नमदा चढवलेला एक लहानसा हातोडा तारेच्या दिशेने फेकला जातो. फेकला जातो हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण तारेला लागण्याच्या किंचित आधी यंत्रणा हातोड्याला सोडून देते आणि शेवटचे अंतर तो एकटा जातो. त्यानंतर तू पट्टीवर कितीही जोर दिलास तरी त्या सुरात काही बदलत नाही. दिसण्यात हे वाद्य पेटीसारखे असले तरी जातकुळीने ते संतूरच्या जवळचे आहे. तिथे तारांवर आघात करणारी कलम हातात असते आणि इथे ती पट्टीच्या पलीकडे लपलेली असते, एवढाच फरक समज.

हे वाद्य ज्याने घडवले त्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीसमोर नेमका हाच प्रश्न होता. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजपुत्राकडे वाद्यांची देखभाल करणारा हा कारागीर. त्या काळच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार पिसाच्या टोकाने छेडली जाई आणि बोट हलके पडो की जड, आवाज जवळपास सारखाच येई. सन 1700 च्या सुमारास क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोड्याने आघात करणारी यंत्रणा तयार केली आणि त्या वाद्याची ओळखच ‘पियानो ए फोर्ते’, म्हणजे हळू आणि मोठ्याने, अशी झाली. त्याच्या हातचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत आणि त्यांतला सर्वांत जुना, 1720 चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बोटाच्या वेगातला फरक कानापर्यंत पोहोचावा, एवढ्यासाठी एका माणसाने ही सगळी खटपट केली, हे पट्ट्यांवर हात ठेवताना मनात असू दे.

आता पहिला अभ्यास सांगते. रात्री घरात सामसूम झाली की मधल्या सप्तकातली पांढरी एक दाब आणि दाबूनच धर. सूर उमटताक्षणी तो ओसरू लागतो. तो पूर्ण विरेपर्यंत काही करू नकोस, फक्त ऐक. माझ्या गुरुजींनी मला पहिली संपूर्ण संध्याकाळ एवढेच करायला लावले होते, आणि त्या वयात मला त्याचा फार राग आला होता. पुढे कळले की पियानोवादनाचे मर्म त्यातच होते. पेटीवर दोन सूर जोडायचे तर हवा चालू ठेवून बोट सरकवले की झाले. पियानोवर मात्र दुसरा सूर पहिल्यापासून वेगळाच जन्मतो, आणि पहिला जेवढा ओसरला असेल त्याच पातळीवर दुसरा सुरू केला तरच ते जोडल्यासारखे ऐकू येतात. म्हणजे पुढचे बोट किती वेगाने पडावे हे मागचा सूर ऐकल्याशिवाय ठरतच नाही. बोटांचे व्यायाम हजार मिळतील, परंतु ज्याचा कान बोटाच्या पुढे चालत नाही त्याचे वादन टंकलेखनासारखे होते. म्हणून पहिले तीन महिने तू काहीही वाजव, पण प्रत्येक सुराचा शेवट ऐक.

दुसरी अडचण डाव्या हाताची. तुझ्या डाव्या हाताने आजवर भाता सांभाळला. त्याला लय ठाऊक आहे आणि वजनाचा चढउतार ठाऊक आहे, पण त्याची बोटे अजून निजलेली आहेत. उजव्या हाताला जे येते ते डाव्याला येत नाही हे पाहून बहुतेक पेटीवादक दोन आठवड्यांत चिडतात आणि उजव्या हातानेच अभंगाची चाल काढत बसतात. तू तसे करू नकोस. रोजच्या अभ्यासाची सुरुवात डाव्या हाताने कर, आणि तीही मन ताजे असताना. पुढे दोन्ही हात एकत्र आणताना डाव्याला ठेका समज आणि उजव्याला गायक. भजनात तबलजी गायकाच्या मागे धावत नाही, हे तुला मी सांगायला नको.

हात ठेवण्याविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले असते. मला पियानोवादक आणि संगीतकार शोपँ याची रीत सर्वांत पटते. तो शिकणाऱ्याचा हात आधी सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवत नसे. अंगठा पांढरी तीनवर, मधली तीन बोटे काळी तीन, काळी चार आणि काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर, अशी तो सुरुवात करून देई. लांब बोटे उंच पट्ट्यांवर आणि आखूड बोटे खालच्या पट्ट्यांवर पडल्याने हात आपोआप गोल आणि सैल राहतो. आता गंमत पाहा, पांढरी तीनला सा मानलास तर हे पाच सूर सा, रे, ग, तीव्र म आणि प होतात, म्हणजे तुझ्या ओळखीच्या यमनाचेच सूर. डाव्या हाताची करंगळी पांढरी तीनवर ठेवलीस तर तोही याच पाच पट्ट्यांवर तसाच नीट बसतो. पहिल्या आठवड्यात एवढेच पाच सूर, एकेका हाताने, मनगट न आवळता वाजव. पेटीवर पुष्कळ जण अंगठा आणि करंगळी वाचवून वाजवतात, तुझीही तीच सवय असणार. इथे दहाही बोटांना काम आहे. बैठकही बदलेल. जमिनीवर मांडी घालून वाजवणाऱ्याला स्टूलची उंची महत्त्वाची वाटत नाही, परंतु कोपर पट्ट्यांच्या पातळीत नसेल तर खांद्यात ताण येतो आणि तो थेट सुरात उतरतो.

यमनाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कोल्हापुरात वाढलेल्या मुलाला ती आज ना उद्या टोचणारच. ज्या गावात शाहू महाराजांच्या आश्रयाने थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ राहिले, तिथल्या रसिकांचा कान तंबोऱ्यावर घडलेला आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गांधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो, त्यापेक्षा पियानोचा गांधार सुमारे 14 सेंट चढा असतो. संपूर्ण सप्तक 1200 सेंटचे धरले तर हा फरक लहान वाटतो, पण तयार कानाला तो खुपतो. बारा स्वरांमधली अंतरे अगदी समान केल्यामुळे असे होते, आणि त्याच्या बदल्यात कोणत्याही पट्टीतून कोणत्याही पट्टीत बिनदिक्कत जाता येते. शिवाय या वाद्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, नाही. याच दोन आक्षेपांपायी पेटीलाही आकाशवाणीवर 1940 साली बंदी झाली होती आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. तरीही याच मातीतल्या गोविंदराव टेंबे यांनी पेटीला मैफलीत मानाची जागा मिळवून दिली, ती पेटीला जे जमते त्याचा पुरेपूर विचार करून. तूही पियानोकडून मींड मागू नकोस. त्याला अनेक सूर एकाच वेळी बोलता येतात, आणि तेच त्याच्याकडून शिकून घे. सा, ग आणि प एकत्र दाब, मग ग च्या जागी कोमल ग घे, आणि एका बोटाच्या फरकाने सगळा रंग कसा पालटतो ते पाहा. मात्र रागाच्या आलापाखाली अशा स्वरसमूहांची रास घालण्याचा मोह टाळ. ते कानाला एका बाजूला ओढतात आणि राग दुसरीकडे जात असतो. भूप वाजवावासा वाटला तर डाव्या हातात फक्त सा आणि प ठेव.

वाचनाचे मात्र तुला कष्ट पडतील. कानाने चाल उचलणाऱ्या मुलांना कागद नकोसा वाटतो, आणि भातखंडे पद्धतीची स्वरलिपी येत असली तरी पाच रेषांची लिपी वेगळ्या तऱ्हेने चालते, कारण तीत सूर किती उंच आहे हे डोळ्यांना दिसते आणि दोन्ही हातांच्या ओळी एकाखाली एक वाचाव्या लागतात. रोज पाचच मिनिटे, पण खाली हातांकडे न पाहता, तुझ्या सध्याच्या तयारीपेक्षा सोप्या चार ओळी वाच. पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात की नाही, असेही तू विचारले आहेस. द्याव्यात, पण वर्षभर परीक्षेचे तीनच तुकडे घोटत बसणारी मुले मी पाहिली आहेत. आठव्या ग्रेडचे प्रमाणपत्र हाती असूनही त्यांना नवा कागद समोर ठेवला तर वाचता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता वाद्याची निवड. घरी 61 पट्ट्यांचा साधा कीबोर्ड असेल तर महिनाभर त्यावर काढ, पण नवा घेऊ नकोस. त्याच्या पट्ट्या स्प्रिंगवर चालतात आणि हाताला वजनाची ओळखच होत नाही. पैसे साठवून 88 पट्ट्यांचा, हातोड्याचे वजन जाणवणारा डिजिटल पियानो घे. दुकानात गेल्यावर त्यातले शेकडो आवाज ऐकत बसू नकोस. एकच पट्टी अगदी हळू दाब आणि आवाज किती हळुवार निघू शकतो तेवढे पाहा. खऱ्या पियानोचा मोह मला कळतो, पण त्यात सुमारे 230 तारा असतात, त्यांचा एकूण ताण 15 ते 20 टनांच्या घरात जातो आणि तो पेलण्यासाठी आत बिडाची चौकट असते. साध्या उभ्या पियानोचे वजनही दोनशे किलोच्या आसपास भरते, आणि तुमच्या पेठेतल्या घराचा जिना मी पाहिलेला आहे. शिवाय आपला पावसाळा. हवेत दमटपणा वाढला की आतली लाकडी ध्वनिफळी फुगते आणि सूर चढतात, उन्हाळ्यात ते उतरतात, म्हणून वर्षातून निदान दोनदा तारा जुळवून घ्याव्या लागतात. माझ्या जुन्या पियानोच्या नमद्याला एका वर्षी कसर लागली होती. मी झाकण बंद करून सुट्टीला गेले होते, परत आले तेव्हा वरच्या सप्तकाचे हातोडे कुरतडलेले होते. वाद्य रोज वाजवले तर अशा गोष्टी वेळीच दिसतात.

पेडलला पहिले दोन महिने पायही लावू नकोस. उजवा पेडल दाबला की सगळ्या तारांवरचे, सूर थांबवणारे दाबक एकदम उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही सारंगीच्या तरफेच्या तारांसारख्या गुणगुणू लागतात. तो नाद इतका गोड असतो की बोटांचे सगळे दोष त्याखाली झाकले जातात, आणि मी स्वतः त्या गोडीत दोन वर्षे फसले. ते दोष नंतर काढायला मला जास्त काळ लागला. पुढे वापरशील तेव्हा एवढे लक्षात ठेव की नवा सूर वाजताना पाय वर यावा आणि तो सूर उमटल्यानंतर खाली जावा. हात आणि पाय एकदम खाली गेले तर आधीचा सूर नव्यात मिसळून चिखल होतो.

रोज दोन तास देता येणार नाहीत, असे तू लिहिले आहेस. नकोतच. सकाळी पंचवीस मिनिटे आणि संध्याकाळी पंचवीस मिनिटे पुरेत, पण त्यात एकच छोटा तुकडा, दोन ओळींचा, इतक्या सावकाश वाजव की चूक होणारच नाही. चुकीसकट दहा वेळा वाजवलेली ओळ चुकीसकटच हातात बसते. पेटी मात्र सोडू नकोस. गुरुवारच्या भजनाला जात राहा, तिथे तुला गाणाऱ्याचा श्वास ऐकायला मिळतो, आणि पियानोवर ओळ कुठे संपवावी हे त्या श्वासावरूनच कळते.

या रविवारी सकाळी नऊनंतर घरी ये. येताना नखे अगदी बारीक कापून ये, कारण लांब नखांनी बोटे सपाट पडतात. वाद्य उघडून हातोडा तारेला कसा लागतो ते मी तुला आतून दाखवीन, आणि मग आपण पांढरी तीनपासून सुरुवात करू. आजोबांना माझा नमस्कार सांग.

तुझ्या,
बाई